सोपी खुर्ची

आजोबांच्या खुर्चीला घरात सगळे 'ईझीचेअर' म्हणत. पाचवीत इंग्रजी सुरू झालं, ईझी म्हणजे सोपं हे पाठ झालं, आणि ती खुर्ची मला खोटारडी वाटू लागली. कापड धुऊन वाळलं की दोन्ही टोकांच्या नेफ्यांत दांडे ओवायचे, मग मागची आडवी पट्टी खाचेत बसवायची. खाच चुकली की बसणारा धाडकन खाली, नाहीतर बोट तरी चिमटायचं. यात सोपं काय?

उत्तर फार उशिरा कळलं. जुन्या फ्रेंचमधून १२००च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा हा शब्द कामाबद्दल बोलतच नव्हता. ज्याच्या जिवाला आराम आहे, घोर नाही, तो माणूस ईझी. 'कठीण नसलेलं' हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. 'आरामखुर्ची' म्हणणाऱ्याने जुना अर्थ बरोब्बर पकडला म्हणायचा. त्या फ्रेंच शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'शेजारी असलेलं' असा शब्द असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. मला ते लगेच पटलं. तांब्या, चष्मा आणि पानाचा डबा हाताशी असला की आजोबा तासन्‌तास हलत नसत.

'डिसीझ' हाही याच घरातला. आधी त्याचा अर्थ नुसता चैन नसणं, रोग नंतर. आपल्याकडे 'स्वस्थ' आहे: जो स्वतःत स्थिर आहे तो. हिंदीतला अस्वस्थ माणूस अंथरुणाला खिळलेला असू शकतो; मराठीतला येरझाऱ्या घालतो.

आपलं 'सोपं' मात्र कामाचंच. पेपर सोपा, वाट सोपी. माणसाला सोपा म्हणायचं तर बहुधा नकार जोडूनच: "दिसतो तितका सोपा नाही हं तो!" कोल्हापूरकडे घराच्या पुढच्या भागालाही सोपा म्हणतात. दोन्ही शब्दांचं नातं लावायला मी जाणार नाही, पण आजोबांची खुर्ची असायची सोप्यातच.

परवा लेकीला अपूर्णांकांची बेरीज शिकवत होतो. छेद समान करायचे, बास. "अगं, सोपं आहे," मी तिसऱ्यांदा म्हणालो. तिने पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

"बाबा, सोपं तुला आहे."