फादर, कुठं पळून चाललात?

सोलापूरच्या धर्मग्रामात माझी बदली झाली ते २०१८ साल होते. त्याच वर्षी माझ्या रक्तातील साखरेने दोनशेचा आकडा ओलांडला. डॉक्टरांनी कागदावर गोळ्यांची नावे लिहिली, आणि मग चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "फादर, तुम्ही लोकांना उपवास सांगता, मी तुम्हांला चालणे सांगतो." धर्मगुरूचे जीवन बैठे असते, हे बाहेरच्यांना सहसा पटत नाही. परंतु कबुलीजबाबाची खुर्ची, कार्यालयाची खुर्ची, आणि ज्या घरी जावे तेथील आग्रहाची खुर्ची अशा तीन खुर्च्यांत आमचा दिवस सरतो. शिवाय प्रत्येक खुर्चीसमोर साखर घातलेला चहा येतो.

मी चालू लागलो. सोलापुरात चालायचे तर पहाटे पाचला, कारण मार्चपासून सात वाजताच ऊन अंगावर येते आणि मेमध्ये तर पारा चाळीसच्या खाली उतरायचे नाव घेत नाही. विजापूर रस्त्यावरील संभाजी तलावाच्या काठी माझ्यासारखेच डॉक्टरांनी हाकललेले अनेकजण भेटत. काही महिन्यांनी चालण्याचे धावणे केव्हा झाले ते माझे मलाच कळले नाही. लहानपणी श्रीरामपूर तालुक्यातील खेड्यातून शाळेला उशीर झाला की मी असाच बांधाबांधाने पळत असे. ती लय पायांनी कोठेतरी जपून ठेवली होती.

अडचण निराळीच उपस्थित झाली. झग्यात धावता येत नाही. अर्ध्या चड्डीतील फादरांना पाहून एका वयस्क भगिनीने धर्मग्राम मंडळाच्या सभेत प्रश्न विचारला, "हे बरे दिसते का?" सभा थोडा वेळ स्तब्ध झाली. मग कोपऱ्यातून आमचे जॉबरबाबा उठले. ते जुने गिरणी कामगार. गिरणी बंद पडून कैक वर्षे लोटली, तरी साचेखात्यातील हुद्दा त्यांना नावासारखा चिकटला होता. ते म्हणाले, "बाई, आम्ही पहिल्या भोंग्याला पळायचो तेव्हा कुणी आमचे पाय पाहिले नाहीत. फादरांचे कशाला पाहता?" सभा हसली आणि विषय संपला. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून पायघोळ विजार वापरू लागलो.

जॉबरबाबांचे घर माझ्या परतीच्या वाटेवर होते. ते पहाटेच ओट्यावर येऊन बसत. गिरणीतील कापसाच्या तुसाने त्यांची छाती आयुष्यभराची बिघडली होती आणि आडवे झाले की दम लागे. मी समोरून आलो की ठरलेला प्रश्न येई, "काय फादर, कुठं पळून चाललात? कुणी मागं लागलंय का?" मी म्हणे, "साखर लागलीय." असे हे रोजचे चाले. एकदा मी त्यांना सांगितले की, संत पौल करिंथ नगरात दीड वर्ष राहिला आणि तेथे तंबू तयार करण्याचा धंदा करून पोट भरत असे. त्या नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडा भरत. म्हणूनच करिंथकरांना लिहिताना त्याच्या लेखणीत धावण्याच्या शर्यतीचा दृष्टान्त सहज उतरला. जॉबरबाबांनी शर्यतीकडे लक्षच दिले नाही. "तंबू म्हणजे जाड कापड," ते विचारपूर्वक म्हणाले, "म्हणजे पौल आमच्यातलाच की!"

धावणाऱ्यांच्या संगतीत शर्यतींची भाषा कानावर पडते, आणि एकदा कानावर पडली की सुटका नाही. २०१९ च्या पावसाळ्यात मी साताऱ्याची डोंगरावरील अर्धी मॅरेथॉन धावलो. २०१२ पासून ती भरते. गावातून निघून यवतेश्वरच्या घाटाने वर चढायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, असे एकवीस किलोमीटर. सोलापूरच्या सपाट, कोरड्या रस्त्यावर तयार झालेला मनुष्य त्या धुक्यात आणि भुरभुर पावसात गेला की त्याला प्रथम स्वर्ग आठवतो आणि तिसऱ्या किलोमीटरनंतर शुद्धिस्थान! पुढे जानेवारी २०२० मध्ये मुंबईची अर्धी मॅरेथॉन झाली. नंतर करोनाने सारे जगच घरात बसवले. २०२१ आणि २०२२ या दोन्ही जानेवारींत मुंबईची शर्यत झाली नाही. त्या काळात मी चर्चच्या आवारातच फेऱ्या मारीत असे. एका फेरीला एक 'नमो मरिया' असा हिशेब ठेवला, म्हणजे मोजणीही होई आणि जपमाळही. पुढे एका डिसेंबरात वसई-विरारची शर्यत केली. तेथे माझे सेमिनरीतील दोन वर्गमित्र रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांच्या हातांत केळी होती आणि चेहऱ्यावर थट्टा.

मॅरेथॉनचा इतिहास सर्वांना थोडाबहुत ठाऊक असतो. इ. स. पूर्व ४९० मधील ग्रीकांचा विजय, तो निरोप घेऊन धावत आलेला आणि सांगून कोसळलेला दूत, १८९६ ची अथेन्सची पहिली ऑलिंपिक शर्यत, आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून आलेले ते ४२.१९५ किलोमीटरचे चमत्कारिक माप. मला अधिक ओढ आहे ती आपल्या बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांची. सर दोराबजी टाटा हे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून, यांना ऑलिंपिकला पाठवावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून १९२० साली चौगुले आगबोटीने समुद्र ओलांडून बेल्जियमच्या अँटवर्प नगरीत गेले. सदाशिव दातार हेही त्या शर्यतीत उतरले होते. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पार केले आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. शंभर वर्षांपूर्वीच्या रस्त्यांवर, अपरिचित थंडीत, अपरिचित अन्न खाऊन! बेळगावात आणि पुण्यात त्यांचे नाव आज किती मुलांना ठाऊक असेल कोण जाणे. मला तर वाटते की आपल्या शाळांच्या क्रीडादिनी पाहुण्यांच्या भाषणापेक्षा ही हकीकत वाचून दाखवावी.

असो. या साऱ्या शर्यती रविवारी असतात. सामान्य धावपटूला रविवार हा सुटीचा वार. धर्मगुरूला तोच कामाचा. म्हणून बिशपस्वामींच्या अनुज्ञेने मी एक नियम घालून घेतला होता. वर्षातून दोनच रविवार, आणि तेही मिस्सेसाठी दुसरे फादर येणार असतील तरच. धर्मग्रामस्थांनीही ते समजून घेतले. तरीही दरवेळी पिशवी भरताना मन थोडे चोरटे होई, हे कबूल करतो. २०१९ मध्ये व्हॅटिकननेच 'अॅथलेटिका व्हॅटिकाना' हा आपला क्रीडासंघ स्थापन केला, त्यात धर्मगुरू, धर्मभगिनी आणि स्विस गार्ड धावतात, हे कात्रण मी कार्यालयातील फलकावर लावले होते. ते लोकांसाठी लावले की स्वतःसाठी, हा प्रश्न वेगळा.

२०२४ च्या जानेवारीत मी प्रथमच पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव नोंदविले. शर्यत २१ तारखेच्या रविवारी होती. नुकतीच सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येऊन गेलेली, शहरात अजून खेळण्यांचा आणि शेंगाचटणीचा वास दरवळत होता. शुक्रवारी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसचे तिकीट होते. मुंबईला शनिवारी पोचून छातीवर लावायचा क्रमांक स्वतः जाऊन घ्यावा लागतो, त्यामुळे एक दिवस अगोदर निघणे भाग होते. जॉबरबाबांची प्रकृती डिसेंबरपासूनच खालावली होती. नाताळापूर्वी मी त्यांना रुग्णाभ्यंग दिले होते. शुक्रवारी संध्याकाळी जाऊन यावे असे मनात होते. परंतु रविवारी येणाऱ्या फादरांसाठी किल्ल्या, वाचनांची यादी, विवाहाच्या घोषणा हे सारे लिहून ठेवता ठेवता आठ वाजले. फोन केला तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "आज बरं आहे, फादर. आल्यावर या निवांत." मी निवांत झालो.

शनिवारी रात्री मुंबईत एका मित्राच्या धर्मग्रामात मुक्काम होता. तीनला उठायचे म्हणून मी आठ वाजता निजलो आणि फोन बंद केला. पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो माणसांत उभा राहिलो तेव्हाही तो बंदच होता, आणि पिशवी सामान ठेवण्याच्या जागी देऊन टाकली होती.

त्या धावण्याचे वर्णन मी टाळणार होतो. पण ते टाळले तर पुढचे सांगणे खोटे ठरेल, म्हणून सांगतो. अंधारात मरीन ड्राइव्हचे दिवे, पेडर रोडचा चढ, हाजी अलीपाशी येणारा खारा वारा. सागरी सेतूवर एरवी पायी कोणास जाऊ देत नाहीत. त्या एका सकाळी मात्र तो धावणाऱ्यांचा असतो. मी सेतूवर होतो तेव्हा उजाडले. खाली समुद्र, भोवती शेकडो पावलांचा एकसारखा आवाज, कोणी बोलत नव्हते. मला इतका निर्भेळ आनंद फार वर्षांत झाला नव्हता. गुरुदीक्षेच्या दिवशीसुद्धा मनात थोडी भीती होती; येथे ती नव्हती. माहीमला सेंट मायकल चर्चच्या समोरून जाताना मी क्रूसाची खूण केली आणि आमच्या धर्मग्रामाची आठवण केली. परतीच्या वाटेवर पेडर रोड पुन्हा येतो. जाताना तो चढ वाटतो, येताना पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास तो डोंगर होतो. तेथे बाल्कन्यांतून आणि पदपथावरून लोक अनोळखी माणसाच्या छातीवरचे नाव वाचून हाका मारतात. इथिओपियाच्या हेले लेमीने त्या दिवशी ही शर्यत २ तास ८ मिनिटांच्या आत जिंकली. मला पावणेसहा तास लागले.

आझाद मैदानात गळ्यात पदक घालून मी गवतावर बसलो आणि फोन सुरू केला. अकरा वेळा फोन येऊन गेला होता.

रात्री दोन वाजता जॉबरबाबांना दम लागला. त्यांनी "फादरांना बोलवा" म्हटले. घरच्यांनी मला फोन केले, मग सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये केला, तेथून दुसऱ्या फादरांचा शोध सुरू झाला. ते येईपर्यंत साडेचार वाजून गेले होते आणि जॉबरबाबा गेले होते. म्हणजे मी शर्यतीच्या प्रारंभरेषेवर उभा राहिलो तेव्हा ते या जगात नव्हते. सागरी सेतूवर सूर्य वर येत होता, त्या वेळी त्यांच्या घरी शेजारी जमून जपमाळेची प्रार्थना म्हणत होते.

सेमिनरीत शिकलेले सारे मला ठाऊक आहे. त्यांना रुग्णाभ्यंग मिळाले होते, ख्रिस्तप्रसाद मिळाला होता, देवाची कृपा फादरांच्या वेळापत्रकावर अवलंबून नसते. मी स्वतः हे इतरांना अनेकदा सांगितले आहे. तरी त्यांनी बोलाविले होते ते कोणा धर्मगुरूला नव्हे, ओट्यासमोरून पळत जाणाऱ्या मला.

अंत्यविधी माझ्यासाठी सोमवारपर्यंत थांबविला होता. सोमवारी सकाळी गाडीतून उतरताना पाय लाकडाचे झाले होते. मिस्सा कशीबशी झाली. कबरस्तानात माती देण्यासाठी वाकू लागलो, तर गुडघे वाकेनात. तीस वर्षांच्या सेवेत मी कितीतरी कबरींपाशी वाकलो असेन. त्या दिवशी जॉबरबाबांच्या मुलाने माझ्या कोपराला धरून मला खाली नेले आणि पुन्हा उभे केले. कोणी काही बोलले नाही. घरी गेलो तेव्हा मावशींनी माझ्याकडे पाहून एवढेच विचारले, "शर्यत पुरी झाली का तुमची? रात्री विचारत होते. फादर मुंबईला आहेत म्हटलं, तर म्हणाले, पळू द्या." हे त्यांनी दम लागलेला असताना म्हटले की माझ्या समाधानासाठी मावशींनी जोडले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, अजूनही नाही.

त्यानंतर मी धावणे सोडले. पहाटे उठे, आणि देवळात जाऊन बसे. यात प्रायश्चित्त किती आणि रुसवा किती, हे माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनी मला पुण्यात परखडपणे विचारले. हे वृद्ध फादर सेमिनरीतले माझे गुरुजी. ते म्हणाले, "तू फोन बंद केलास ही चूक. तू धावलास ही नव्हे. दोन्ही एकाच गोणीत भरू नकोस." जूनपर्यंत माझी साखर पुन्हा वाढली होती. जुलैत पाऊस झाल्यावर मी पुन्हा तलावाकडे गेलो. आता कमरेच्या पट्ट्यात फोन असतो आणि तो चालू असतो. रात्री उशाशीही तो चालूच असतो. धावता धावता दोनदा तो वाजला, आणि दोन्ही वेळा मी घामाघूम तसाच रिक्षा करून आजाऱ्याच्या दारी गेलो. त्यातील एका घरी त्यांनी मला प्रथम टॉवेल दिला, सोलापुरीच.

ओटा आता रिकामा असतो. कधी मावशी झाडलोट करीत असतात. मी थांबतो, दोन शब्द बोलतो. मुंबईच्या शर्यतीत मी पुन्हा नाव दिले नव्हते. यंदा नोंदणी सुरू झाल्याचे धावणाऱ्या मित्रांनी सांगितले. मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. गेल्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो होतो, तेव्हा मावशींच्या कानावर ते कोठून आले होते कोण जाणे.

"यंदा जाणार म्हणे मुंबईला?"

"अजून ठरलं नाही, मावशी."

त्यांनी मेणबत्ती विझवली, पांढरे फडके घडी करून ठेवले.

"गेलात तर आधी इथं येऊन जा," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी 'येतो' म्हणाला नव्हता."