शुक्रवारची तालीम

रेडिओहेड या इंग्लंडमधल्या रॉक बँडचे नाव आमच्या वर्गात पुष्कळांना ठाऊक आहे. पण हा बँड एका शाळेत सुरू झाला, हे वाचल्यापासून तो आम्हांला अधिकच जवळचा वाटू लागला.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन शाळेत १९८५ साली पाच मुले एकत्र आली. थॉम यॉर्क आणि कॉलिन ग्रीनवूड एका वर्गातले. एड ओब्रायन त्यांच्या पुढे, ड्रम वाजवणारा फिल सेल्वे त्याच्याही पुढे. कॉलिनचा धाकटा भाऊ जॉनी सर्वांत लहान. त्याच्या वाट्याला आधी माउथ ऑर्गन आला, मग कीबोर्ड, गिटार त्यानंतर. तालीम शुक्रवारी, म्हणून बँडचे नावही ‘ऑन अ फ्रायडे’!

शाळा संपली आणि मोठे चौघे एक्सेटर, केंब्रिज, मँचेस्टर, लिव्हरपूल असे पांगले. जॉनी अजून शाळेतच होता. बँड तिथेच मोडायचा. पण सुट्टीत घरी आले की सारे पुन्हा तालमीला बसत. अशी सहा वर्षे गेली. १९९१च्या अखेरीस ईएमआय कंपनीशी करार झाला आणि ‘रेडिओहेड’ हे नाव आले. १९९२ मध्ये निघालेले त्यांचे ‘क्रीप’ हे गाणे इंग्लंडमध्ये आधी फारसे चालले नाही. १९९३ मध्ये पुन्हा काढले तेव्हा गाजले. पुढे २०१५ साली धाकट्या जॉनीने जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी वादकांबरोबर ध्वनिमुद्रणही केले.

आम्हां दहावीच्या मुलांचाही शनिवारचा वाद्यवृंद आहे. गणेशोत्सवात, स्नेहसंमेलनात आपण आम्हांला ऐकले आहे. परीक्षेनंतर आमच्यातला एक पुण्याला, एक भोपाळला, दोघे कोट्याला जाणार. आठवीतला तबलजी तेवढा इंदुरात राहील. घरचे म्हणतात, “आता वाजवणे पुरे, अभ्यासाचे बघा.” अभ्यास तर आम्ही करूच. त्या मोठ्या चौघांनीही बँड सांभाळून शिक्षण केलेच की!

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत दर शनिवारी दोन तास संगीताची खोली माजी विद्यार्थ्यांना मिळावी. किल्ली आणि झाडलोट आमच्याकडे. पालकांनीही आम्हांला तेवढे दोन तास द्यावेत. आम्ही गाजलो नाही तरी चालेल. पण आठवीतल्या त्या मुलाला एकट्याने तबला वाजवत बसावे लागू नये.