बरं वाटावं म्हणून

माझ्याकडे येणारी माणसं लक्षणांची यादी पाठ करून येतात: छातीत धडधड, हातपाय गार, श्वास पुरत नाही. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, भीती मात्र जात नाही. यादी ऐकून घेतली की मी विचारते, "मग बरं वाटावं म्हणून काय काय करता?" आजार कशावर पोसला जातोय, ते पुष्कळदा या उत्तरात कळतं.

पॅनिक अटॅकचंच घ्या. डोंबिवलीहून कामाला जाणारा माणूस फास्ट सोडून स्लो लोकल पकडू लागतो. ती प्रत्येक स्टेशनला थांबते, वाटलं तर उतरता येतं. मग दाराजवळची जागा, बॅगेत पाण्याची बाटली, बोटं सारखी नाडीवर. पुढे पुढे सोबतीला बायको. प्रत्येक वेळी लगेच हायसं वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. दादरला सुखरूप उतरल्यावर मन म्हणतं, बाटली होती म्हणून निभावलं. नुसत्या धडधडीने काही होत नसतं, हे कळायची वेळच येत नाही. सावकाराचं व्याज भरत राहावं तसं. आजचा दिवस निघतो, मुद्दल तेवढंच राहतं.

पॅनिकमागचं चक्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये नेमकं मांडलं. साध्या धडधडीचा अर्थ मन 'हार्ट अटॅक' असा लावतं. त्याने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड पुरावा ठरते.

म्हणून डॉक्टरांकडून सगळं तपासून झालं असेल, तर मी पेशंटला समोर बसवून जोरजोरात श्वास घ्यायला लावते. मीही घेते. थोड्याच वेळात बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. "अहो, हेच होतं गाडीत!" खुर्चीचा हात घट्ट धरलेला असतो, तो सोडायला सांगते. "मॅडम, काही होणार नाही ना?"

इथे जीभ आवरावी लागते. "नाही हो" म्हटलं, तर बाटलीच्या जागी मी येते. मी म्हणते, "बघू या." धीर देणं हेच माझं काम, असं लोकांना वाटतं, तो न देण्यातच माझी जास्त मेहनत जाते.

मग गृहपाठ: फास्ट लोकल, एकट्याने, बाटलीशिवाय. भीती वाटली का, हे मी विचारत नाही, वाटणारच. निघताना काय होईलसं वाटलं आणि प्रत्यक्षात काय झालं, एवढंच लिहून आणायला सांगते.