पुसणे, धुणे, टिपणे

मराठीत स्वच्छतेची क्रियापदे पुष्कळ आहेत. झाडणे, झटकणे, पुसणे, धुणे, घासणे, विसळणे, चोळणे, टिपणे. समानार्थी शब्द शिकवताना आम्ही वर्गात नेहमी सांगतो की खरे समानार्थी शब्द भाषेत फारसे नसतात. प्रत्येक क्रियापदामागे हाताची हालचाल वेगळी असते. या विधानाचा आम्हांला सर्वांत पटलेला पुरावा कोणत्याही कोशात नाही. २०११ साली कर्ज काढून घेतलेल्या आमच्या गडद निळ्या मोटारीच्या रंगावर तो आहे. आम्ही दोघे नवराबायको लातूरला मराठी शिकवतो, आणि मोटारीची राखण घरीच करतो.

मोटारीचा रंग म्हणून जो आपल्या नजरेत भरतो, तो सर्वांत वर नसतो. पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर प्रायमरचे अस्तर, मग प्रत्यक्ष रंग, आणि त्याच्यावर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. झळाळी या शेवटच्या थराची. सगळे थर मिळून जाडी साधारणपणे १०० ते १३० मायक्रॉन भरते, म्हणजे उत्तरपत्रिकेच्या एका पानाहून फार जास्त नाही. त्यातला पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनांचा, अर्ध्या पानाएवढा. जुन्या फियाट आणि ॲम्बॅसडर गाड्यांना हा थर नसे. पॉलिश घासले की फडक्याला रंग लागे आणि रंग झिजतो आहे हे डोळ्यांना दिसे. आता फडके कोरेच राहते, त्यामुळे झीज होत नाही असा समज होतो. ती पारदर्शक असते, एवढेच.

या थराचे बहुतेक नुकसान स्वच्छतेतूनच होते, हे अनेकांना खरे वाटत नाही. पहाटे कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची आपली सार्वत्रिक रीत घ्या. आमच्याकडची धूळ म्हणजे नुसती काळी माती नव्हे. रस्त्यावरच्या खडीचा चुरा तिच्यात असतो. फडके फिरले की हे कण रंगावरून फरपटत जातात. रात्री दिव्याखाली उभ्या असलेल्या कुठल्याही काळ्या गाडीच्या बॉनेटकडे पाहा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतील. गंमत अशी की ही वर्तुळे तिथे नसतातच. ओरखडे सर्व दिशांना गेलेले असतात; त्यांतले प्रकाशाभोवतीच्या वर्तुळाशी जुळणारे तेवढेच चमकतात. आपण जागा बदलली की वर्तुळही सरकते. (आस्वादप्रक्रिया शिकवताना हे उदाहरण वापरण्याचा मोह आम्ही आजवर आवरला आहे.)

आमच्या वसाहतीत एक मामा पहाटे सायकलवर येऊन एका बादलीत आठ-नऊ गाड्या पुसतात. आम्ही त्यांना काचा आणि चाके तेवढी पुसायला सांगितली; महिन्याचे पैसे तेच ठेवले. “मग रंग कुणी पुसायचा, म्याडम?” असे त्यांनी विचारले. कुणीच नाही, हे उत्तर त्यांना पटले नाही.

आता धुणे. नळी सोडून गाडी धुतली की शंभर लिटर पाणी सहज जाते. हा आकडा आमच्या शहरात निरुपद्रवी नाही. २०१६च्या मार्चमध्ये इथल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा आदेश लागू झाला होता, आणि त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आम्ही गाडीला पाणी लावले नाही. महाविद्यालयाच्या आवारात ती महिनोन् महिने धुळीच्या थराखाली उभी राहिली, आणि एके दुपारी डिकीच्या झाकणावर कुणीतरी बोटाने लिहिले : ‘टँकर कधी?’

पाऊस आल्यावर धूळ गेली, अक्षरे राहिली. बोटाखाली दबलेल्या कणांनी ती पारदर्शक थरात कोरली होती. समोरून पाहिले तर काही नाही. उन्हे कलली की दोन्ही शब्द प्रश्नचिन्हासह वाचता येतात. शुद्धलेखन अचूक आहे. ‘धी’ची वेलांटी शेवटी जराशी आत वळवण्याची लकब आमच्या ओळखीची होती. ती मुलगी पहिल्या तासाला उशिरा येई, आणि त्या वर्षी उशिराचे कारण विचारणे आम्ही बंद केले होते.

या दोन शब्दांवरून आमच्या घरात दीर्घकाळ वाद चालू आहे. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की पॉलिशने तासाभरात हे जाईल. दुसरीचे म्हणणे, पॉलिश ओरखडा भरून काढत नाही, ते आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवते. दोन्ही विधाने खरी आहेत. पण उन्हापासून खालच्या रंगाला राखणारी द्रव्ये याच थरात असतात. तो पातळ होत गेला की एक दिवस छतावर पांढरट पापुद्रे सुटू लागतात, आणि मग पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नाही. पोथीवरचा डाग खरवडणारा शेवटी पानच फाडतो, असे पाठचिकित्सा शिकवणाऱ्या बाजूचे मत आहे. अक्षरे अजून आहेत.

उरले टिपणे. आमची रीत अशी. सूर्य वर यायच्या आत, पत्रा थंड असताना, गाडी सावलीत घ्यावी. न विसळता धुण्यासाठी मिळणारे द्रावण बाटलीवर सांगितलेल्या मापाने पाच-सहा लिटर पाण्यात मिसळावे. (कपड्यांची पावडर नको, ती मेण उतरवते.) प्रथम फवारा मारून धूळ भिजू द्यावी. मग ओले मायक्रोफायबरचे फडके चौपदरी करून छतापासून खाली, सरळ रेषेत, दाब न देता न्यावे. एक घडी एकदाच वापरायची. वापरलेले फडके बादलीत परत घालायचे नाही, दुसरे घ्यायचे. आमच्याकडे दहा आहेत आणि ती इतर कपड्यांत धुवायची नाहीत. चाकांचे फडके निराळे. लगेच कोरड्या फडक्याने पाणी टिपून घ्यावे. चिखल थापला असेल तर ही रीत चालत नाही, तो आधी पाण्याच्या धारेनेच काढावा लागतो. पक्ष्याची विष्ठा दिसली तर रविवारची वाट पाहू नये. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात थराला खळगा पाडते. तिच्यावर ओले फडके पाच मिनिटे ठेवावे आणि उचलावे. घासू नये.

पाण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. शालेय विज्ञानाच्या पुस्तकात ‘दुष्फेन’ असा एक सुंदर शब्द आहे. ज्या पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही ते. आमच्या बोअरचे पाणी अस्सल दुष्फेन. थेंब वाळला की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढरे कडे करून बसतात. काटकसर म्हणून पुष्कळ घरांत आरओ यंत्राने बाहेर टाकलेले पाणी गाडीसाठी साठवतात. हेतू उत्तम, पण ते मूळ पाण्याहूनही अधिक क्षारयुक्त असते. त्याने फरशी पुसावी. उलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेले, जवळजवळ क्षाररहित पाणी. आम्ही तेच कॅनमध्ये साठवतो. ऐन मे महिन्यात कोरड्या हवेमुळे ते फार थोडे मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर भरपूर.

याच कारणाने लेपांच्या जाहिरातींतले पाण्याचे मोती आम्हांला फारसे भुलवत नाहीत. दुष्फेन पाण्याचा मोती वाळला की डागच उरतो, लेप सिरॅमिक असो वा मेणाचा. सिरॅमिक जास्त टिकतो, खर्चही जास्त. आम्ही ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण वर्षातून तीनदा हाताने लावतो. आमच्या उन्हात ते फार काळ राहत नाही.

तिसरा हात दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी पूजा असते. सासूबाईंनी स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढण्याचे मान्य केले आहे, अक्षताही आता चाकांपाशी वाहतात. नारळाचे पाणी मात्र बॉनेटवर शिंपडलेच पाहिजे, यावर त्या ठाम आहेत. ते वाळायच्या आत टिपून घेणे हे आमच्यापैकी जो जवळ उभा असेल त्याचे काम.