ढेकणांविषयी चार शब्द

वार्षिक अंकासाठी लेख लिहावयास बसले म्हणजे शिक्षकाच्या मनात सद्वर्तन, वेळेचे महत्त्व, ग्रंथांची संगत असे भारदस्त विषय आपोआप रांग लावून उभे राहतात. यंदा त्या सर्वांस हात जोडून आम्ही ढेकणास पाचारण करीत आहो. विषय क्षुद्र आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या प्राण्याने मोठमोठ्या राजधान्यांची झोप उडविली, आणि आमच्या डोळ्यांदेखत एका गुणी मुलाचे शिक्षण सुटण्याची वेळ आणली, त्याची केवळ तो मसुरीएवढा म्हणून उपेक्षा करणे शहाणपणाचे होणार नाही.

ढेकूण हा साहित्यास अपरिचित नाही. संस्कृतात त्यास मत्कुण म्हणतात. एका सुभाषितकाराने लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात निजतो तो ढेकणांच्या भयानेच असावा, अशी गोड थट्टा केली आहे. तुकोबांनी कुसंगतीचा परिणाम सांगताना हिरा आणि ढेकूण यांची जोडी दृष्टांतासाठी घेतली. पंचतंत्रातील मंदविसर्पिणी नावाच्या उवेची गोष्ट तर आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. राजाच्या शय्येत ती गुपचूप राहत होती. तिच्याकडे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा आला, राजास झोप लागण्याची वाट न पाहता त्याने दंश केला आणि तो फटीत दडला. सेवकांनी शय्या झाडली तेव्हा सापडली ती ऊ, आणि प्राणास मुकली तीही ऊच! अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्यास, हा या गोष्टीचा मथितार्थ वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो आपणांस उपयोगी पडणार आहे.

या प्राण्याचे कुळ फार प्राचीन आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाप्रमाणे ढेकणांचा वंश दहा कोटी वर्षांहून जुना ठरतो. माणसास चावणारे ढेकूण मूळचे गुहांतील वटवाघळांचे सोबती. मनुष्य गुहांच्या आश्रयास राहू लागला तेव्हा त्यांतील काहींनी यजमान बदलला. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांतून तिन्हीसांजेस वटवाघळे बाहेर पडताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस या जुन्या सोयरिकीची कल्पना सहज करता येईल. पुढे माणसाने गुहा सोडली, घरे बांधली, नगरे वसविली, आणि ढेकूण त्याच्या अंथरुणाबरोबर चालत आला. इजिप्त देशात अमर्ना येथील कामगारवस्तीच्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ढेकूण सापडले आहेत. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात असे दिसून आले की, माणसांवर जगणाऱ्या ढेकणांची संख्या सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीपासून वाढू लागली, आणि वस्त्या व नगरे वाढत गेली तशी तीही वाढत गेली. नागर संस्कृतीचा हा बहुधा पहिलाच उपद्रवी रहिवासी असावा, असे त्या संशोधकांचे मत आहे.

नगर आणि ढेकूण यांच्या या स्नेहाचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिकांच्या कामासाठी मुंबईस गेलो असता स्थानकाजवळच्या एका लॉजमध्ये उतरण्याचा प्रसंग आला. चादर परीटघडीची होती, भिंतीस नवा रंग होता, आणि दाराशी ठेवलेल्या कुंडीत तुळसही होती. दिवा मालवून अर्धा तास झाला असेल नसेल तोच मानेस आग होऊ लागली. दिवा लावला तर काही दिसेना. मालवला की पुन्हा तेच. अखेर गादी उचलून पाहिली. तिच्या शिवणीत काळ्या ठिपक्यांची ओळ होती आणि पलंगाच्या डोक्याकडील फळीमागे तर सगळा कुटुंबकबिला नांदत होता. उरलेली रात्र आम्ही खुर्चीवर बसून काढली. सकाळी व्यवस्थापकांस ही हकीगत निवेदन केली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्याकडे ढेकूण नाहीत. गिऱ्हाइके घेऊन येतात."

त्या वेळी हे उत्तर आम्हांस उद्धटपणाचे वाटले, पण विचारांती त्यात निम्मे सत्य आढळले. ढेकणास पंख नाहीत, आणि पिसवेसारखी उडीही त्यास मारता येत नाही. एका गावाहून दुसऱ्या गावास तो जातो तो आपल्या वळकटीतून, पेटीतून आणि जुन्या लाकडी सामानातून. मात्र आणणारा गिऱ्हाईक असला, तरी त्यास नांदू देणारा मालकच असतो, हे उरलेले निम्मे सत्य त्या गृहस्थांनी सोयीस्करपणे गाळले होते.

ढेकणाचा जीवनक्रम समजून घेतल्यावाचून त्याचा बंदोबस्त होत नाही. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच-सहा मिलिमीटर लांब, चपटा आणि तांबूस असतो. आपल्याकडे उष्ण देशांतील जात मुख्यत्वेकरून आढळते. थंड देशांतील जात निराळी आहे. अंड्यातून पिल्लू बाहेर पडण्यास सुमारे आठवडा ते दहा दिवस लागतात. नंतर ते पाच वेळा कात टाकते, आणि प्रत्येक वेळी कात टाकण्यापूर्वी त्यास रक्त मिळावे लागते. त्यामुळे अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत उबदार हवेतही महिनाभर तरी जातोच. आपल्या उच्छ्वासातील वायू आणि अंगाची ऊब यांच्या रोखाने तो रात्री येतो, पाच-दहा मिनिटांत पोट भरतो आणि फटीत परततो. त्याच्या लाळेत कातडी बधिर करणारी द्रव्ये असल्यामुळे दंश तत्काळ जाणवत नाही. उपाशी राहण्याची त्याची शक्ती तर योग्यासही लाजविणारी आहे. अन्नावाचून तो कित्येक महिने तग धरतो. सुट्टीत खोली बंद ठेवली म्हणजे ढेकूण मरतील, ही समजूत म्हणूनच फोल ठरते.

ढेकणामुळे रोग पसरतो काय, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. याविषयी एक बोधप्रद इतिहास आहे. 1907 च्या सुमारास मद्रास येथे डॉ. पॅटन यांनी काला आजार या दुर्धर रोगाचे जंतू ढेकणाच्या पोटात वाढतात असे दाखविले, आणि पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांचा संशय ढेकणावर राहिला. 1942 साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी प्रयोगांती सिद्ध केले की, खरा अपराधी वाळूमाशी ही होय. येथे ढेकूणच मंदविसर्पिणीच्या जागी होता! माणसांत कोणताही रोग ढेकणाने पसरविल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तथापि खाज, खाजविल्याने चिघळणाऱ्या जखमा, मोडलेली झोप आणि मनास लागणारा घोर हे त्रास काही थोडेथोडके नव्हेत. रात्रभर तळमळलेल्या मुलास सकाळच्या पहिल्या तासास भूमिती कशी कळावी?

गेल्या शतकाच्या मध्यास एकदा असे वाटले होते की, या शत्रूचा निःपात झाला. पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने 1939 साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला, आणि त्यास 1948 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात 1953 पासून हिवतापाच्या निर्मूलनासाठी घरोघर डीडीटी फवारण्यात येऊ लागले. आरंभी डासांबरोबर ढेकूणही मेले. परंतु लवकरच ते त्या विषास पुरून उरले. हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथे तर 1947 सालीच असे ढेकूण आढळले होते. फवारणीने मरण्याऐवजी बिथरून ते अधिकच बाहेर पडत, आणि खेड्यांतील लोक फवारणी करणाऱ्यांस दारातूनच परत पाठवू लागले. 1990 नंतर लंडन, न्यूयॉर्क, सिडनी अशा श्रीमंत शहरांतही ढेकणांनी पुन्हा ठाण मांडले. 2023 च्या शरद ऋतूत पॅरिस शहरात आगगाड्या व चित्रपटगृहे यांतील ढेकणांच्या वार्तांनी मोठी खळबळ उडाली. सारांश, ढेकूण हे दारिद्र्याचे किंवा घाणेरडेपणाचे लक्षण नव्हे. त्यास हवी असते ती झोपलेल्या माणसाची ऊब आणि लपावयास एक फट. अडगळीने त्याची सोय होते इतकेच.

आमचे छत्रपती संभाजीनगर, ज्यास 2023 पर्यंत औरंगाबाद म्हणत, हे पाहुण्यांचे गाव आहे. लेणी पाहावयास देशोदेशींचे प्रवासी येतात, घृष्णेश्वरास आणि पैठणच्या नाथषष्ठीस यात्रेकरू येतात. 1950 साली मिलिंद महाविद्यालय आणि 1958 साली विद्यापीठ स्थापन झाल्यापासून साऱ्या मराठवाड्यातील मुले शिक्षणासाठी येथे लोटली आहेत. एका खोलीत चौघे, जुन्या बाजारातून घेतलेल्या खाटा, आधीच्या भाडेकऱ्याने टाकून दिलेली गादी, असा त्यांचा संसार असतो. अशा ठिकाणी ढेकूण आले तर आश्चर्य ते काय?

आता त्या मुलाची हकीगत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका वसतिगृहाची देखरेख होती. दिवाळीनंतर तेथे बीड जिल्ह्यातील एक मुलगा दाखल झाला. आईवडील ऊसतोडीस जाणारे. त्याच्याजवळ पत्र्याची एक पेटी आणि आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, एवढेच सामान होते. पंधरा दिवसांच्या आत मुलांच्या अंगावर गांधी उठू लागल्या, आणि सर्वांची बोटे त्या गोधडीकडे वळली. मुले त्यास जवळ बसू देईनात. डिसेंबरच्या थंडीत तो व्हरांड्यात निजू लागला. रविवारी त्याचे वडील कारखान्यावरून भेटावयास आले, तेव्हा मुलगा पेटी बांधून तयार होता. "मला फडावर न्या, मी मोळ्या बांधीन," एवढेच तो म्हणाला. त्या गृहस्थांनी गोधडी काखेत घेतली आणि खाली मान घालून आम्हांस म्हणाले, "सर, पोराच्या आईनं ही उकळत्या पाण्यातून काढली होती. पण आता कुणाला सांगावं?"

आम्ही त्यांस बसवून घेतले, एक बॅटरी व एक जुने पोस्टकार्ड मागविले आणि मुलांसमक्ष झडती सुरू केली. प्रथम गोधडी शिवण न् शिवण तपासली. तीत एकही ढेकूण नव्हता, एकही डाग नव्हता. नंतर खाटा पाहिल्या. दूरच्या कोपऱ्यातील जुन्या खाटांच्या सांध्यांत पोस्टकार्ड फिरविताच लहानमोठ्या काती भुरभुर खाली पडल्या. फळ्यांवर डागांचे थर होते. आम्ही मुलांस विचारले, "एक ढेकूण पुरता वाढावयास महिना लागतो. हा मुलगा येऊन पंधरा दिवस झाले. मग ही पिढ्यान् पिढ्यांची वसाहत कोणी आणली?" कोणीही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने ज्या मुलाने सर्वांत अधिक चेष्टा केली होती, त्यानेच वडिलांच्या काखेतील गोधडी घेतली आणि आत नेऊन आपल्या शेजारच्या खाटेवर अंथरली.

त्यानंतर तीन आठवडे सर्वांनी काम केले. खाटा अंगणात काढून सांध्यांत उकळते पाणी ओतले. सुमारे पन्नास अंशांवरील उष्णता नीट मुरली म्हणजे ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. चादरी, अभ्रे, गोधड्या कढत पाण्यात घातल्या. भिंतींच्या फटी बुजविल्या, खाटा भिंतीपासून दूर सरकविल्या आणि प्रत्येक पायाखाली साबणाच्या पाण्याची वाटी ठेवली. जाणत्या माणसाकडून औषधाची फवारणी करविली, आणि अंड्यांतून नवी पिल्ले निघतात हे ध्यानी घेऊन दहा-दहा दिवसांनी हा सर्व क्रम पुन्हा केला. केवळ उन्हात गादी टाकून भागत नाही, कारण ऊन वरवर लागते आणि ढेकूण आतल्या कापसाकडे सरकतात. तो मुलगा पुढे दहावी उत्तीर्ण होऊनच वसतिगृहातून बाहेर पडला.

पालकांस एक गोष्ट कळकळीने सांगावयाची आहे. धान्यात घालावयाच्या विषारी गोळ्या ढेकणांसाठी घरात कधीही ठेवू नयेत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत माणसांचे प्राण घेतो, आणि लेकरे प्रथम बळी पडतात. शेतातील औषधेही अंथरुणावर शिंपडू नयेत. औषध मारले असता, सांगितलेला काळ लोटून खोली पुरती हवेशीर होईपर्यंत तेथे कोणी निजू नये. ढेकूण झोप नेतो, पण अविचार जीव नेतो.

प्रवासास जाल तेव्हा खोलीत शिरताच सामान जमिनीवर किंवा पलंगावर न ठेवता आधी गादीच्या शिवणी आणि डोक्याकडील फळी पाहा. परतल्यावर कपडे थेट कढत पाण्यात घाला. जुनी खाट घ्याल तर सांधे तपासून घ्या. आणि घरात ढेकूण आढळलाच तर लपवू नका. न्यूयॉर्क शहरात 2010 पासून असा कायदा आहे की, मागील वर्षभरात घरात ढेकूण झाले असल्यास ते नव्या भाडेकऱ्यास लेखी सांगावे लागते. आपल्याकडे असा कायदा नसला, तरी शेजाऱ्यास खरे सांगण्यास कायद्याची आवश्यकता नाही. ढेकणाची खरी ताकद त्याच्या सोंडेत नसून आपल्या लाजेत आहे. आपण गप्प बसतो तोवर तो भिंतीच्या या बाजूकडून त्या बाजूस निर्धास्त हिंडतो. चार घरांनी मिळून एकाच दिवशी पाणी उकळविले, तर त्यास पळावयास फट उरत नाही.

विद्यार्थिमित्रहो, वर्गात एखाद्याच्या हातावर गांधी दिसल्या तर बोट दाखविण्यापूर्वी त्याच्या खाटेचे सांधे पाहा, आणि त्याआधी आपल्या स्वतःच्या खाटेचे.