दुसरें पिलूं

बकध्यानाची गोष्ट आम्ही पस्तीस वर्षें वर्गांतील मुलांना सांगत आलों. परंतु खरें ध्यान पाहिलें तें परवां, नातवानें भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखविलें तेव्हां.

हा पक्षी आफ्रिकेंतला. दक्षिण सुदान, युगांडा, झांबिया या देशांच्या दलदलींत, उंच लव्हाळ्यांच्या रानांत त्याची वस्ती. उंची सुमारें ४ फूट, रंग राखाडी, आणि चोंच म्हणजे जणूं लांकडी खडावच! इंग्रजींत त्यास 'शूबिल' म्हणतात. अरबी नांवाचा अर्थहि 'जोड्याचा बाप' असाच आहे. १८५० मध्यें जॉन गूल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञानें त्यास जें शास्त्रीय नांव दिलें, त्याचा अर्थ 'देवमाशाच्या डोक्याचा राजा'. दिसावयास करकोच्यासारखा, पण जवळचें नातें पेलिकनाशीं, असें आतांचे शास्त्रज्ञ म्हणतात.

तासन्‌तास तो निश्चल उभा असतो. दलदलीच्या पाण्यांत प्राणवायु थोडा, म्हणून तेथील फुप्फुसमत्स्यास श्वासासाठीं वर यावेंच लागतें. तो वर आला कीं हा ध्यानस्थ आपलें सारें अंग त्याच्यावर झोंकून देतो.

आईबापांची माया मोठी. उन्हाच्या वेळीं चोंचींत पाणी आणून तीं अंड्यांवर ओततात. अंडीं बहुधा दोन, पण जगतें बहुधा एकच पिलूं. थोरलें धाकट्यास टोचून दूर लोटतें. आई पाणी घेऊन येते, तें थोरल्याच्याच मुखीं पडतें. धाकटें ही केवळ राखीव तरतूद. थोरलें दगावलें तरच तिचा उपयोग.

"आजोबा, आई त्याला कां देत नाहीं?" नातवानें विचारलें. आम्हांस उत्तर सुचेना.

आमचे चिरंजीव दोन. थोरला हुशार, म्हणून त्यास महाविद्यालयांत धाडिलें. धाकट्याची पाळी आली तेव्हां 'ऐपत नाहीं' असें सांगून त्यास एका दुकानांत हिशेब लिहावयास बसविलें. ऐपत थोडी होती हें खरें. पण जी होती ती कोणाच्या वांट्यास जावी, हें आम्हीं एकट्यानेंच ठरविलें. त्यास एकदांहि विचारलें नाहीं. हा प्रश्न विचारणारा नातू त्याचाच मुलगा.

पक्ष्यास दोष देववत नाहीं. दलदलींत दोघांपुरतें अन्न मिळेलच असें नाहीं, आणि निराळें वागण्याची बुद्धि त्याला दिलेली नाहीं. आम्हांस ती दिली होती. शिवाय आम्ही शिक्षक होतों. आज हे पक्षी जगांत अवघे कांहीं हजार उरले आहेत, कारण माणसें दलदली आटवितात व पिलें चोरून विकतात. म्हणजे तेथेंहि अधिक दोष बुद्धिवंताकडेच येतो.

त्या रात्रीं आम्हीं आपला पाट धाकट्याच्या शेजारीं मांडविला आणि इतक्या वर्षांनीं बोलावयाचें तें बोललों. तो बराच वेळ मान खालीं घालून बसला. मग म्हणाला, "अण्णा, भात निवतो आहे," आणि वाटींतलें तूप त्यानें आमच्या पानावर वाढलें.

तें तूप आम्हांस गोड लागलें नाहीं. पण भात आम्हीं संपविला.