मायकेल कॉर्लिओनेचे प्रायश्चित्त

‘द गॉडफादर पार्ट थ्री’ १९९०च्या नाताळात अमेरिकेत प्रदर्शित झाला. १९७२ आणि १९७४चे आधीचे दोन्ही भाग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर घेऊन बसलेले. त्यांच्या पंगतीला बसणे कोणत्याही चित्रपटाला जडच गेले असते. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला कॉर्लिओने या माफिया कुटुंबाकडे परतला तो बराचसा कर्जापायी. ‘वन फ्रॉम द हार्ट’ (१९८२) सपशेल आपटल्याने तो आर्थिकदृष्ट्या पार अडचणीत आला होता. मात्र मारियो पुझोबरोबर त्याने जी पटकथा लिहिली, तिचा विषय टोळीयुद्ध नव्हताच. पापाने कमावलेल्या पैशातून पुण्य विकत घेता येते का, हा तिचा प्रश्न होता.

कथा १९७९ची. मधुमेहाने पोखरलेल्या कुटुंबप्रमुख मायकेलने (अल पचिनो) जुगाराचा धंदा विकून टाकला आहे. चर्च त्याला मानाचे पदक देते आणि तो व्हॅटिकनच्या बँकेची तूट साठ कोटी डॉलरने भरून द्यायला तयार होतो. बदल्यात हवी असते एका बड्या जमीन-कंपनीवरची सत्ता. या व्हॅटिकन-कथेला सत्याचा आधार आहे. पोप जॉन पॉल पहिले १९७८मध्ये निवडीनंतर अवघ्या ३३ दिवसांत वारले आणि व्हॅटिकनशी लागेबांधे असलेला बँकर रोबेर्तो काल्वी १९८२मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला. पोपना विष दिल्याची वदंता मात्र चित्रपट खरी धरून चालतो.

सर्वांत भारी प्रसंग कार्डिनल लाम्बेर्तोच्या अंगणातला. कारंज्याच्या पाण्यात वर्षानुवर्षे पडलेला दगड तो फोडून दाखवतो: आतून कोरडा ठणठणीत. तेवढ्यात साखर उतरून मायकेल घायकुतीला येतो आणि संत्र्याचा रस, गोळ्या अधाशासारख्या तोंडात टाकतो. मग सख्ख्या भावाला, फ्रेडोला मारवल्याचे कबूल करताना तो हमसून रडतो. सुटका शक्य आहे, पण तू बदलणार नाहीस, असे कार्डिनल सांगतो आणि पुढचा चित्रपट त्याचे म्हणणे खरे करतो. मायकेल गादी पुतण्या व्हिन्सेंटला देतो, पण मुडदे पडायचे थांबत नाहीत.

दोष उघड आहेत. मानधनावरून बिनसल्याने रॉबर्ट ड्युव्हाल नाही आणि त्याने आधीच्या भागांत साकारलेल्या कुटुंबाच्या वकिलाची, टॉम हेगनची, उणीव शेवटपर्यंत भासते. हेलिकॉप्टरमधून होणारा गोळीबार भलत्याच चित्रपटातून आल्यासारखा वाटतो. मायकेलच्या मुलीच्या, मेरीच्या भूमिकेतून विनोना रायडरने ऐनवेळी माघार घेतल्यावर आलेल्या दिग्दर्शककन्या सोफिया कपोलावर टीकेची झोड उठली. वास्तविक तिचा नवखेपणा भाबड्या मेरीला शोभतो.

पालेर्मोच्या तेआत्रो मास्सिमोच्या पायऱ्यांवर मायकेलसाठी झाडलेली गोळी मेरीला लागते. मायकेल तोंड उघडून किंचाळतो, पण बराच वेळ आवाजच येत नाही. येतो तेव्हा ऐकवत नाही. पचिनोच्या तिन्ही भागांतल्या अभिनयाचे हे टोक आहे.

सात ऑस्कर नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. २०२०मध्ये कपोलाने चित्रपट पुन्हा संकलित केला आणि आपले व पुझोचे मूळ आवडते नाव, ‘द डेथ ऑफ मायकेल कॉर्लिओने’, त्याला जोडले. आता सुरुवातच आर्चबिशपशी होणाऱ्या व्हॅटिकनच्या सौद्याने होते, आणि नावात मृत्यू असूनही मायकेल पडद्यावर मरत नाही. जगत राहणे हीच त्याची शिक्षा. मूळ आवृत्तीपेक्षा ही नेटकी आहे. प्रथमच पाहणाऱ्याने हीच पाहावी, पण दुसरा भाग ताजा असताना; फ्रेडो आठवत नसेल तर त्या अंगणातले रडणे पोचणार नाही.